आमच्याच दारात तू आला नाहीस

जना,

तुला शेवटचं बघायला सुषमा आली नाही. तुझ्या अंगणात अख्खं गाव उभं होतं, वालीवच्या कारखान्यातली तुझी माणसं होती, ज्या बिल्डिंगांमधून तुला एकेकाळी शिव्या पडल्या तिथलीही माणसं होती. फक्त माझी बायको नव्हती. तिघाचौघांनी विचारलं, वहिनी दिसत नाहीत? मी म्हणालो, गुडघे. सगळ्यांना पटलं, कारण सुषमाचे गुडघे साऱ्या आळीला माहीत आहेत. तुझ्या बायकोने, कुंदावहिनींनी, मात्र माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मी चपला शोधायच्या निमित्ताने मान खाली घातली.

गुडघे नव्हते रे. तिचा तुझ्यावर राग होता. तो माझ्यामुळे होता, हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं, तिला नाही. तिला खरं काय ते सांगायचं मी तुला कबूल केलं होतं. तू गेलास तेव्हाही मी ते सांगितलेलं नव्हतं. माणसं अशा वेळी लिहून मोकळी होतात म्हणे. मला मोकळं वगैरे व्हायचं नाही. मला तुझ्याशी बोलायची सवय आहे, आणि ऐकून घेऊन वर दोन शब्द सुनावणारा दुसरा कोणी आता उरला नाही, एवढंच.

आपली जोडी म्हणजे सभेची जोडी. देवळाच्या कमिटीपासून पक्षाच्या शाखेपर्यंत आणि पुढे बँकेपर्यंत, तू सूचक आणि मी अनुमोदक. तू ठराव मांडायचास, मी उठून ‘या ठरावाला मी अनुमोदन देतो’ म्हणायचो, आणि मागून लोक ‘मंजूर, मंजूर’ ओरडायचे. हे काम मला का मिळालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. गावच्या नाटकात मी राजे केले होते, आवाज मांडवाबाहेर जायचा. माईक बंद पडला तरी सभा अडायची नाही. सरकारी कचेरीत दिवसभर फायली सरकवणाऱ्या माणसाला संध्याकाळी तेवढाच काय तो मान. पोरं मला ‘अनुमोदककाका’ म्हणायची आणि खरं सांगतो, बरं वाटायचं. तू चिडवायचास, “मध्या, लग्नात भटजींनी विचारलं तेव्हा पन तू अनुमोदनच दिलंस काय रे?” गावची ती बोली तू कधी सोडली नाहीस. कारखाना टाकलास, नगरसेवक झालास, बँकेचा संचालक झालास, तरी तुझं ‘पानी’ ते ‘पानी’च राहिलं. मी मात्र कचेरीत चिकटलो आणि पहिल्या वर्षातच सुधारलो.

बँकेची ती सभा आपण दोघंही कधी विसरलो नाही. वार्षिक सभा म्हणजे आपल्याकडे सणच. हॉलच्या दारात अहवालाचं पुस्तक आणि भेटवस्तूचं कूपन हातात मिळायचं. पुस्तकाने लोक वारा घ्यायचे, कूपन मात्र खिशात जपून. त्या वर्षी कॅसेरोल होता. छापलेले विषय पटापट मंजूर झाले आणि मग आले आयत्या वेळचे विषय. तोवर बटाटेवड्याचा वास आत शिरलेला, बायका पिशव्या सावरून उठलेल्या, कूपनवाल्यांची रांग लागलेली. आयत्या वेळचा विषय पुस्तकात छापलेला नसतो, त्यामुळे तो कोणीच वाचलेला नसतो. आपल्या साहेबांनी, ज्यांच्या शब्दावर शाखाही चालायची आणि बँकही, तुझ्या हातात एक कागद दिला. तू त्याच्यावरून नजर फिरवलीस आणि वाकून त्यांना काहीतरी विचारलंस. साहेब हसून म्हणाले, “वाच रे, नंतर सांगतो.” तू वाचलंस. मोठ्या कर्जांचे सगळे अधिकार मंडळातल्या तिघांच्या समितीला, असं काहीतरी लांबलचक वाक्य होतं. मी उठलो, आवाज लावला, अनुमोदन दिलं. मंजूर, मंजूर.

मी काय ऐकलं होतं? काही नाही. मी रांगेकडे बघत होतो. सुषमाने बजावलं होतं, निळ्या झाकणाचा मिळाला तर बघा. मिळाला. आमच्या पोळ्या अजून त्यातच असतात.

पुढचं सगळं त्या एका वाक्यातून निघालं. विरारकडच्या एका बिल्डरला, साहेबांच्या घरातलाच म्हणावा अशा माणसाला, बँकेने कर्जावर कर्ज दिलं. टॉवर अर्धे उभे राहिले आणि तसेच राहिले. मग एक दिवस वरून निर्बंध आले, पैसे काढणं बंद. शटर अर्धं खाली, आत तोंड लपवणारे कारकून आणि बाहेर आपली सगळी ओळखीची माणसं. सांडोरच्या बागेतून भाजी घेऊन येणारी बाई टोपली डोक्यावरच ठेवून शटरखालून वाकून आत बघत होती. सुषमाच्या निवृत्तीचे पैसे तिथेच होते. जन्मभर शाळेत उभं राहून तिचे गुडघे गेले होते, ते बदलायचं ऑपरेशन ठरलं होतं. ती दुसऱ्या बँकेचं नाव काढत होती तेव्हा मीच म्हणालो होतो, आपली माणसं सोडून तिकडे कशाला जायचं? आपली माणसं! ऑपरेशन लांबलं.

त्या काळात देशभर एकेक बँक आजारी पडत होती आणि संध्याकाळी टीव्हीवर सगळे एकमेकांकडे बोट दाखवत होते. आताचे म्हणायचे आधीच्यांनी घाण करून ठेवली, आधीचे म्हणायचे यांना साफ करता आली नाही. राज्याने दिल्लीकडे बघावं, दिल्लीने राज्याकडे. आपले साहेब शटरसमोर उभे राहून म्हणाले, हे वसईकरांविरुद्धचं कारस्थान आहे, आणि त्याला टाळ्याही पडल्या. मीही वाजवल्या. जबाबदारी कोणाची हा प्रश्न इतका फिरला, इतका फिरला, की शेवटी दमून ठेवीदाराच्याच दारात येऊन बसला. जास्त व्याजाला भुललात कशाला, असं लोक लोकांनाच विचारू लागले.

तुझ्या वालीवच्या शेडमध्ये बंद पडलेल्या प्रेस मशीनसमोर बसून आपण भांडायचो. तुझं कारखान्याचं खातंही त्याच बँकेत, माणसांचे पगार अडकलेले. मी म्हणालो, अख्ख्या देशात हेच चाललंय, तिथे तू आणि मी कोण? तू म्हणालास, “देशाचं सोड. तिथे कोनी मांडलं, कोनी हात वर केला, कोनालाच समजनार नाय. आपल्याकडे दोन नावं लिहिलेली आहेत. तुझं आनि माझं.” मी उसळलो. अनुमोदन म्हणजे निव्वळ रीत, मी दिलं नसतं तर मागच्या खुर्चीवरच्याने दिलं असतं, असं बरंच काही बोललो. तू मान हलवलीस. “दिलं असतं. मग आज त्याची झोप उडाली असती.” माझी झोप उडालेली नव्हती, जना. मी छान झोपत होतो. तुझ्याशी भांडताना मला राग आला तो त्याचाच असावा.

आणि एक दिवस तू निघालास. वकिलाने सगळ्या संचालकांना बजावलं होतं, माफीचा शब्द काढू नका, ती कबुली ठरेल. साहेबांचा निरोप आला, गप्प बैस, सगळं होईल. तू पक्षाचा राजीनामा शाखेतल्या टेबलावर ठेवलास आणि वॉर्डातली एकेक बिल्डिंग घेत सुटलास. बेल वाजवायची आणि दार उघडलं की म्हणायचं, “मी जनार्दन. बँकेचा संचालक होतो. तो ठराव मी मांडला. माफी मागायला आलोय.” बास. लोकांना कितीतरी दिवस समजेचना. आपल्याकडे नगरसेवक बेल वाजवतो तो एकाच कामासाठी. लोक तुझ्या पाठीमागे कार्यकर्ते शोधायचे, हातात पत्रक आहे का बघायचे. एका आजींनी तर ओवाळायला ताट आणलं. तू माफी मागितलीस, तशी निरांजन तसंच धरून त्यांनी विचारलं, “ते ठीक आहे, पण या वेळी चिन्ह कोणतं?” हे मला सांगताना तू इतका हसलास की ठसका लागला, आणि मग बराच वेळ डोळे पुसत बसलास.

सगळीकडे ओवाळणी नव्हती. एकाने कॉलर धरली. एका बाईने तुझ्या तोंडावर दार आपटलं आणि परत उघडून परत आपटलं. एका घरात पैशांवाचून मुलीचं लग्न मोडलं होतं. तिथल्या बापाने तुला आत बोलावलं, खुर्ची दिली, आणि एक शब्द बोलला नाही. “मारलं असतं तर बरं झालं असतं, मध्या,” असं तू मला म्हणालास. पोलिसांनीही तुलाच दहादा बोलावलं, कारण कबूल करणारा माणूस त्यांना आयता मिळाला होता. साहेबांना कोणी एकदाही बोलावलं नाही.

तू मलाही बरोबर ये म्हणालास. एकदाच. मी निवृत्त झालो होतो, त्यामुळे कचेरीचं कारण सांगता येईना, म्हणून बीपीचं सांगितलं. तू परत विचारलं नाहीस. तू कधीच कोणाला दोनदा विचारत नसायचास, आणि त्याचा मी आयुष्यभर फायदा घेतला.

मग आमच्या बिल्डिंगची पाळी आली. आदल्या संध्याकाळी मी तुझ्या शेडवर आलो आणि तुझा हात धरला. म्हणालो, सगळ्यांकडे जा, आमच्या घरी येऊ नकोस. तू दारात उभा राहून माफी मागणार आणि मी आत सोफ्यावर बसून ऐकणार. सुषमा विचारेल, भाऊजी एकटे का, तुम्ही का नाही बरोबर? मी तिला काय सांगू? हातातल्या फडक्याची तू उगाच घडी करत होतास. मग म्हणालास, “नाय येत. पन वहिनींना तू सांग. माझं पन सांग, तुझं पन.” मी म्हणालो, सांगतो. अगदी भरल्या आवाजात म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तू खालचे दोन मजले केलेस. आम्ही तिसऱ्यावर, तो शेवटचा मजला, आणि समोरच्या दाराला कुलूप. सुषमाने तुझा आवाज ओळखला आणि चहा टाकला. तेव्हा तिच्या मनात तुझ्याबद्दल काही नव्हतं रे, उलट ती म्हणत होती, एवढ्या बँकेत एक तरी माणूस निघाला. तिने दार उघडून ठेवलं. उंबऱ्यात उभी राहिली. आणि तुझी पावलं जिन्यावरून खाली जाताना तिने ऐकली. मी पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो. तिने विचारलं, “भाऊजी गेले?” मी म्हणालो, “घाईत असतील.”

त्या दिवसापासून तिने तुझं नाव टाकलं. पैसे अडकले त्याचा बोल तिने तुला कधी लावला नव्हता. पण ज्याने इतकी वर्षं वहिनी वहिनी म्हणत तिच्या हातचं खाल्लं, जो साऱ्या वॉर्डाची माफी मागतो, तो नेमका आपल्या दारावरून जातो, म्हणजे आपण त्याच्या लेखी कोणीच नाही, असं तिने धरलं. बाजारात तू दिसलास की ती भाजीवालीशी उगाच भाव करत बसायची. तू लांबूनच नमस्कार करायचास आणि पुढे जायचास. एका शब्दाने तू माझी लाज उघडी करू शकत होतास. केली नाहीस. वर तुझ्या बागेतली केळी आमच्या वॉचमनकडे ठेवून जायचास, नाव न सांगता. ती केळी मी आणली असं मी घरात सांगायचो. सुषमा म्हणायची, या वेळी चांगली निवडलीत हो. मी ‘हं’ म्हणायचो आणि केळं सोलायचो.

मी रोज ठरवायचो, आज सांगू. पण आज सांगायचं म्हणजे कालपर्यंत का नाही सांगितलं तेही सांगायला हवं, आणि ते दर दिवशी वाढतच गेलं. तू भेटलास की नुसतं बघायचास. मी म्हणायचो, सांगतो रे, वेळ बघून सांगतो. तू म्हणायचास, बरं.

मग सगळं सावरलं. बँक एका मोठ्या बँकेत विलीन झाली, लोकांचे पैसे तुकड्यातुकड्याने परत येऊ लागले. वालीवच्या काही शेड पुन्हा धडधडू लागल्या, तुझी अर्धीमुर्धी का होईना चालू झाली. स्टेशनपासून बॅनर लागले, ठेवीदारांचे तारणहार म्हणून, साहेबांचा हात उंचावलेला फोटो. पैसे लोकांचे, मिळाले लोकांनाच, तेही उशिरा, आणि सत्कार साहेबांचा. त्या सत्कारात शालीचं ताट कोणी धरलं होतं ते तुला माहीत आहे. मला वाटलं तू निदान या वेळी तरी मला झापशील. तू म्हणालास, “शाल चांगली होती.” सुषमाचे पैसे पुरते हातात आले तोवर डॉक्टर म्हणाले, आता हृदयाला झेपणार नाही, गुडघ्यांना हात लावायचा नाही. अर्थव्यवस्था रुळावर आली असं पेपरात छापून आलं. ती बातमी मी सुषमाला वाचून दाखवत नाही बसलो.

तुझ्या आजारपणात मी रोज येत होतो, एवढं एक केलं. पण येऊन काय केलं? पक्षातल्या गमती सांगितल्या. कोण कुठे फुटला, कोणाला तिकीट मिळणार. तू ऐकायचास. लहानपणी खाडीत मी घाबरून तुझ्या मानेला मिठी मारायचो आणि तू मला तसाच ओढत काठाला आणायचास, तेव्हाही तू मला ओरडत नसायचास. हॉस्पिटलमध्ये मला वाटायचं, आताही हा मलाच ओढतोय. एक दिवस तू विचारलंस, “वहिनी येनार नाय?” मी म्हणालो, उद्या घेऊन येतो.

घरी येऊन सुषमाला म्हणालो, एकदा त्याला बघून ये. ती म्हणाली, “त्यांना माझ्या दारापर्यंत यायला पाय नव्हते. आता मी माझे पाय ओढत जाऊ?” तेव्हा सांगायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी टीव्ही लावला. दुसऱ्या दिवशी तुला म्हणालो, तिला ताप आलाय. तू माझ्या हातावर हात ठेवलास. खोटं आहे हे तुला कळलं होतं, आणि त्या अवस्थेत तू मलाच धीर दिलास. जना, बाकी सगळं मी कसंही गिळीन, तो हात मला गिळता येत नाही.

काल तुझी शोकसभा झाली. तोच हॉल, तोच माईक, अध्यक्षस्थानी साहेब. तुझा फोटो हारात जवळजवळ बुडालेला. शोकप्रस्ताव वाचला गेला. त्यात होतं, ‘बँकेच्या संकटकाळात साहेबांच्या मार्गदर्शनाखाली ठेवीदारांना धीर देण्यासाठी कैलासवासी जनार्दन घरोघरी फिरले.’ ऐकलंस? तुझ्या माफीचा धीर झाला. तू चढलेला एकेक जिना साहेबांच्या मार्गदर्शनाखाली गेला. शोकप्रस्तावाला खरं तर अनुमोदक लागत नाही, सगळे उभे राहिले की झालं. पण वाचणाऱ्याने सवयीने वर बघितलं, आणि सगळा हॉल सवयीने माझ्याकडे वळला.

मागच्या वेळी मी ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं तीच माझी पळवाट होती, रांगेकडे बघत होतो, कळलं नाही. काल मी शब्दन् शब्द ऐकला होता. खोटं कुठे आहे ते बोट ठेवून दाखवू शकलो असतो. कुंदावहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मी उठलो, आणि मला खरंच वाटलं की मी काहीतरी बोलणार आहे. तोंडातून निघालं, “या प्रस्तावाला मी अनुमोदन देतो.” आवाजही नेहमीसारखा खणखणीत लागला. मग तुझ्यासाठी सगळे उभे राहिले. मी आधीच उभा होतो. कुंदावहिनींकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

घरी आलो तेव्हा सुषमा पोळ्या लाटत होती. म्हणाली, काय झालं सभेत? मी सांगितलं. प्रस्तावात काय लिहिलं होतं तेही सांगितलं. लाटणं थांबलं. ती म्हणाली, “धीर द्यायला? ते माफी मागायला गेले होते. सगळ्या गावाने बघितलंय.” आणि मग, “आणि अनुमोदन?” मी म्हणालो, मी दिलं. तिने गॅस बंद केला. तुझ्यावर रागावलेली बाई, जना, आणि तुझी बाजू घ्यायला भर सभेत कोणी उठलं नाही, ही स्वयंपाकघरात उठली. तिथे मला उभं राहवेना. मी काहीही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

“तो आपल्याकडे येणार होता. मीच येऊ नको म्हणालो.”

ती खुर्ची ओढून बसली. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. शेडवर तुझा हात धरला ते. घाईत असतील म्हणालो ते. केळी तुझी होती ते. तापाचं. सांगताना मला वाटलं होतं ओरडेल, रडेल, निदान मला बाहेर जा म्हणेल. तिने एवढंच विचारलं, “मी रागावले आहे, हे भाऊजींना माहीत होतं?” मी म्हणालो, हो. बोटांना चिकटलेलं पीठ सोलत ती म्हणाली, “मला त्यांना बघायला जा म्हणालात. का जायचं, ते नाही सांगितलंत.” तुझी माफी मागायची तर तू नाहीस, आणि तिची मागितली तर ती ठीक आहे म्हणाली नाही. का म्हणावं तिने?

आज सकाळी तिने इस्त्रीची साडी काढली. मी विचारलं, कुठे? म्हणाली, कुंदाकडे. मी घाईघाईने शर्ट चढवला. म्हणालो, मी येतो ना बरोबर, तुला जिना उतरायचाय, आणि मलाही वहिनींशी बोलायचंय. ती चपलेत पाय घालत होती. वर न बघता म्हणाली, “नको. तुम्ही आलात की मला परत तुमची बाजू सांभाळावी लागेल.”

ती कठडा धरून एकटीच खाली गेली. वरून तिला हाक मारावी असं फार वाटलं, पण तेवढं तोंड मला उरलं नाही, जना.